सोशल कॉग्निशनची टेस्ट आपल्या पोरांवर वापरायच्या आधी: व्हॅलिडिटी कशी तपासायची, पायरी-पायरीने

हा लेख मी तीन प्रकारच्या लोकांसाठी लिहितेय. एक, एमए सायकॉलॉजीचा प्रोजेक्ट करणारी पोरं. दुसरे, रत्नागिरी-सिंधुदुर्ग-रायगड पट्ट्यात शाळेत समुपदेशक किंवा स्पेशल एज्युकेटर म्हणून काम करणारे. आणि तिसरे, ज्यांच्या हातात आपल्या मुलाच्या टेस्टचा रिपोर्ट आलाय आणि त्यातल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे कळत नाहीये असे आईवडील. विषय आहे सोशल कॉग्निशन, म्हणजे समोरच्याला काय वाटतंय, त्याच्या मनात काय चाललंय, तो जे बोलला त्याच्यामागे काय आहे हे ओळखायची क्षमता, आणि ती मोजतो असं सांगणाऱ्या टेस्ट खरंच तीच गोष्ट मोजतात का.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. "ही टेस्ट व्हॅलिड आहे का?" हा प्रश्न अर्धवट आहे. वैधता, म्हणजेच व्हॅलिडिटी, टेस्टच्या कागदात नसते, त्या स्कोअरवरून आपण जो अर्थ काढतो आणि त्यावर जो निर्णय घेतो त्याची असते. मेसिक या टेस्टिंगच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये हे सविस्तर मांडलं आणि २०१४ ची अमेरिकन टेस्टिंग स्टँडर्ड्स पण हेच सांगतात. त्यात पुरावा पाच बाजूंनी गोळा करायला सांगितलाय: टेस्टमधला मजकूर, उत्तर देताना डोक्यात काय होतं, आतली रचना, दुसऱ्या मोजमापांशी नातं, आणि टेस्ट वापरल्याचे परिणाम. म्हणजे केंब्रिजच्या प्रौढांसाठी ठीक असलेली टेस्ट देवगडच्या आठवीतल्या मुलासाठी ठीक असेलच असं नाही, आणि संशोधनात गटाची सरासरी काढायला चालणारी टेस्ट एका मुलाला लेबल लावायला चालेलच असं तर अजिबातच नाही.

हा प्रश्न नवा पण नाही. एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० मध्ये सोशल इंटेलिजन्सची कल्पना मांडली, त्याच दशकात जॉर्ज वॉशिंग्टन सोशल इंटेलिजन्स टेस्ट आली, आणि १९३७ मध्ये त्याचा मुलगा रॉबर्ट थॉर्नडाइक आणि स्टाइन यांनी तिचा आढावा घेतला तेव्हा दिसलं की ती बरीचशी शाब्दिक बुद्धिमत्ताच मोजतेय. आज शंभर वर्षांनी पण सगळ्यात मोठी अडचण हीच आहे, भाषा चांगली असलेलं मूल "सामाजिकदृष्ट्या हुशार" ठरतं आणि जे मूल घरी मालवणी, संगमेश्वरी, कोकणी मुसलमानांची बोली किंवा आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी आईबापांची नेपाळी बोलतं आणि शाळेत पुस्तकी मराठीतली टेस्ट सोडवतं, ते "कमी" ठरतं. याचा मला खरंच त्रास होतो, कारण तो आकडा मग मुलाच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षं राहतो.

पायरी १: आधी निर्णय लिहा, टेस्ट नंतर शोधा

कोरा कागद घ्या आणि एका वाक्यात लिहा की हा स्कोअर आल्यावर तुम्ही काय करणार आहात. "सातवीतल्या मुलांपैकी कोणाला सोशल स्किल्सच्या ग्रुपमध्ये घ्यायचं हे ठरवणार" हे एक वाक्य झालं. "मोबाइलचा वापर आणि भावना ओळखणं यांचा संबंध आहे का ते बघणार" हे वेगळं वाक्य झालं. "या मुलाला ऑटिझम आहे का ते सांगणार" हे तिसरं, आणि हे तिसरं वाक्य लिहिलं असेल तर इथेच थांबा, कारण कुठल्याही एका सोशल कॉग्निशन टेस्टवरून निदान होत नाही. त्यासाठी आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, बालरोगतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ लागतात. आरबीएसके या मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी योजनेत जिल्हा पातळीवर डीईआयसी (मुलांच्या अडचणी लवकर ओळखायचं केंद्र) असते, तिथून सुरुवात करता येते. आपल्याकडे ऑटिझमसाठी जी आयएसएए स्केल वापरतात तिच्यात ४० मुद्दे आणि ६ विभाग आहेत, गुण ४० ते २०० मध्ये येतात, आणि ती निरीक्षण व पालकांची मुलाखत यावर भरतात. मुलाला पेपर देऊन सोडवून घ्यायची ती टेस्ट नाही.

निर्णय जितका मोठा, पुरावा तितका भक्कम लागतो. प्रोजेक्टसाठी साधारण पुरावा चालेल, एका मुलाच्या शाळेबद्दल काही ठरवायचं असेल तर नाही चालणार.

पायरी २: नेमका कुठला तुकडा मोजायचाय

सोशल कॉग्निशन ही एकसंध गोष्ट नाही. साधारण चार भाग धरतात: भावना ओळखणं (चेहरा, डोळे, आवाज), थिअरी ऑफ माइंड म्हणजे दुसऱ्याचा समज-गैरसमज-हेतू ओळखणं, सामाजिक प्रसंग आणि रीतीभाती कळणं, आणि घडलेल्या गोष्टीचं कारण कोणावर टाकतो ती सवय. आणि "थिअरी ऑफ माइंड" या एकाच नावाखाली वापरल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या टेस्ट एकमेकींशी फारशा जुळत नाहीत, वॉर्नेल आणि रेडके यांच्या २०१९ च्या अभ्यासात मुलं आणि प्रौढ दोघांमध्ये हे दिसलं. त्यामुळे एक टेस्ट घेऊन "सोशल कॉग्निशन कमी आहे" असं लिहिणं हे पुराव्याच्या पलीकडचं बोलणं आहे. जो तुकडा मोजलात तेवढंच नाव लिहा.

चौथ्या भागाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपल्याकडच्या लोकांना तो थेट लागू होतो. जोन मिलरने १९८४ मध्ये शिकागोचे अमेरिकन आणि म्हैसूरचे हिंदू यांची तुलना केली. कोणी काही चांगलं-वाईट केलं तर अमेरिकन प्रौढ त्या माणसाच्या स्वभावावर जास्त बोट ठेवायचे, म्हैसूरचे प्रौढ परिस्थितीकडे आणि नात्यांकडे जास्त बघायचे, आणि लहान मुलांमध्ये हा फरक फारसा नव्हता, वयाबरोबर वाढत गेला. आता परदेशी प्रश्नावलीत "मित्र तुमच्या समोरून न बोलता निघून गेला, का?" असं असेल आणि आपलं पोर म्हणालं की "त्याच्या घरी काहीतरी झालं असेल, बोट दोन दिवस आली नसेल", तर ते उत्तर कुठल्या खान्यात टाकायचं हे मॅन्युअलमध्ये सापडणार नाही कदाचित, पण ते उत्तर चुकीचं नाही.

पायरी ३: टेस्टच्या पोटात शिरा, विशेषतः उत्तरपत्रिका कोणी ठरवली ते बघा

गणिताच्या पेपरात बरोबर उत्तर एकच असतं. इथे "हे डोळे काळजीचे आहेत" हे कोणीतरी ठरवलेलं असतं. कोणी ठरवलं, कसं ठरवलं, हा व्हॅलिडिटीचा गाभा आहे.

सगळ्यात जास्त वापरली जाणारी उदाहरणं घेऊया. रीडिंग द माइंड इन द आइज ही बॅरन-कोहेन यांच्या गटाची टेस्ट, पहिली आवृत्ती १९९७, सुधारित २००१. ३६ फोटो, फक्त डोळ्यांचा भाग, प्रत्येकाला ४ पर्याय. फोटो मासिकांमधून घेतलेले, त्यातल्या माणसाला त्या क्षणी खरं काय वाटत होतं ते कोणालाच माहीत नाही, बरोबर उत्तर लेखकांनी आणि मग परीक्षकांच्या गटाने ठरवलं. म्हणजे स्कोअर सांगतो की तुमचं मत त्या गटाच्या मताशी किती जुळतं. चेहरे गोरे, पाश्चात्त्य. एल्फेनबाइन आणि अम्बाडी यांनी २००२ मध्ये बऱ्याच अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं तेव्हा दिसलं की आपल्याच गटातल्या चेहऱ्यांवरच्या भावना लोकांना थोड्या जास्त चांगल्या ओळखता येतात. त्यात पर्यायांचे शब्द इतके अवघड की मूळ टेस्टसोबतच शब्दार्थांची यादी द्यावी लागली. शब्दसंग्रहाशी या टेस्टचा संबंध पुन्हा पुन्हा दिसलाय. २०१६ मध्ये ओकली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती मनातला विचार ओळखण्यापेक्षा भावना ओळखण्याच्या जवळची आहे. आणि एक साधं गणित, डोळे मिटून टिक केलं तरी ३६ पैकी सरासरी ९ येतात, तेव्हा १२-१३ आले तर ते "थोडं येतं" आहे की नुसता अंदाज आहे हे सांगता येत नाही.

सॅली-अ‍ॅनचा खेळ बऱ्याच जणांना माहीत असतो: सॅली गोटी टोपलीत ठेवून जाते, अ‍ॅन ती गुपचूप डब्यात हलवते, परत आल्यावर सॅली गोटी कुठे शोधेल? सॅलीची समजूत आता खोटी आहे हे मुलाला कळतं का, ते यात बघतात. बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांच्या १९८५ च्या अभ्यासात ऑटिझम असलेल्या २० मुलांपैकी १६ मुलांनी चुकीचं उत्तर दिलं, डाऊन सिंड्रोम असलेल्या बहुतेक मुलांनी बरोबर दिलं. चांगला प्रयोग आहे, पण तो लहान वयासाठी. नेहमीच्या विकासात साधारण पाच वर्षांपर्यंत ही समज येते, आणि २००५ मध्ये कॅनडा, भारत, पेरू, सामोआ आणि थायलंड अशा पाच देशांत तपासलं तेव्हा सगळीकडे ती जवळपास त्याच वयात दिसली. मग पाचवीच्या वर्गावर तो वापरला तर जवळजवळ सगळे पास होणार, आणि सगळेच पास झाले की मुलांमधला फरक दिसायला जागाच उरत नाही.

हिंटिंग टास्क (१९९५) मध्ये १० छोटे प्रसंग आहेत, प्रत्येकाला ० ते २ गुण. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी कुठल्या टेस्ट भरवशाच्या आहेत हे तपासणाऱ्या अमेरिकेतल्या स्कोप अभ्यासात ती चांगली उतरली. पण ते स्किझोफ्रेनिया, ते प्रौढ, ती इंग्रजी. तुमच्या शाळेतल्या मुलांसाठी तो पुरावा जसाच्या तसा चालत नाही.

बाहेर जायच्या आधी आपल्याच देशात काय आहे ते जरूर बघा. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत सोक्रेटिस नावाचा सोशल कॉग्निशनच्या टेस्टचा संच तयार झालाय, २०११ मध्ये त्याच्या व्हॅलिडेशनचा पेपर आला, भारतीय परिस्थितीसाठी प्रसंग बदलून घेतलेले आहेत. भावना ओळखण्यासाठी ट्रेंड्स नावाचं साधन पण तिथलंच. मराठी नाहीत, पण लंडनपेक्षा बेंगळुरू आपल्याला नक्कीच जवळ आहे.

"मला लोकांच्या भावना पटकन कळतात, १ ते ५ पैकी निवडा" असल्या स्वतःच भरायच्या प्रश्नावल्यांना क्षमतेची टेस्ट म्हणू नका. २०१९ च्या एका मोठ्या मेटाअ‍ॅनालिसिसमध्ये (बऱ्याच अभ्यासांचं एकत्र विश्लेषण) दिसलं की लोक स्वतःबद्दल जे सांगतात आणि टेस्टमध्ये प्रत्यक्ष जे करतात त्यांचं नातं नगण्य आहे, एकावरून दुसऱ्यातला चढउतार जेमतेम १ टक्का समजावता येतो. एवढंच पुरे.

पायरी ४: भाषांतर नाही, पुन्हा घडवणं

गुगल ट्रान्सलेट तर नाहीच, पण एका इंग्रजीच्या सरांनी केलेलं शुद्ध मराठी भाषांतर पण पुरत नाही. रीत अशी: दोन जणांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, त्यातला एक तरी रोज मुलांमध्ये वावरणारा हवा. मग दोन्ही जुळवून एक मसुदा. मग ज्याने मूळ टेस्ट पाहिलेली नाही अशा माणसाने ते परत इंग्रजीत आणायचं. फरक पडला की चर्चा. आणि हे सगळं सुरू करायच्या आधी मूळ टेस्टचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी घ्या.

पण खरी गंमत यानंतर सुरू होते, कारण शब्द बरोबर येऊन पण प्रसंग चुकू शकतो. समजा सूचक बोलणं ओळखायची गोष्ट तयार केली: संध्याकाळी पाहुणा ओसरीवर बसलाय, घरातली मामी म्हणते, "शेवटची एसटी सहाची हा हां." मामीच्या मनात काय आहे? पुस्तकी उत्तर, "आता निघा." पण गुहागर किंवा मालवणच्या एखाद्या वाडीतलं पोर म्हणेल, "राहा म्हणतेय, गाडी चुकली तर रात्री कुठे जाणार." दोन्ही उत्तरात मनातला हेतू ओळखलाय, दोन्ही प्रसंगाला धरून आहेत. उत्तरपत्रिकेत एकालाच २ गुण असतील तर तुम्ही मुलाची क्षमता मोजत नाही, तुमच्या घरची पद्धत मोजताय. अशा वेळी एकतर गोष्टीत अजून एक वाक्य घालून अर्थ एकच ठेवा, नाहीतर दोन्हीला पूर्ण गुण द्या.

किंवा फो-पा प्रकारच्या टेस्ट, म्हणजे नकळत कोणीतरी दुखावेल असं बोलून जाणं. गणपतीला मुंबईहून चाकरमानी आलेत, जेवणं चाललीयत, एक जण म्हणतो, "यंदा मोदकांची पारी कोणी केली, एवढी जाड?" आणि पारी नवीन सुनेने केलेली असते. बोलणारा भाऊजी असेल तर मुलं म्हणतील हो, बोलायला नको होतं. पण बोलणारी आजी असेल तर बरीच मुलं म्हणतील त्यात काय, आजी शिकवतेय. इथे मुलाला सुनेच्या मनातलं कळलं नाही असं नाही, कोणी कोणाला काय बोलू शकतं याचा नियम वेगळा आहे. म्हणून "बोलायला नको होतं का" या प्रश्नाचे गुण आणि "सुनेला काय वाटलं असेल", "बोलणाऱ्याला माहीत होतं का" या प्रश्नांचे गुण वेगळे ठेवा, एकत्र बेरीज करू नका. माझ्या मते हा एवढा बदल केला तरी अर्धे गोंधळ मिटतात.

उत्तरपत्रिका ठरवायला स्थानिक पॅनेल बनवा. आठ-दहा माणसं चालतील पण एकाच साच्यातली नकोत. शाळेतल्या बाई, अंगणवाडीताई, एसटीचे कंडक्टर, जेट्टीवर लिलावाला बसणारी मावशी, कॉलेजमधली एखादी मुलगी, कोणाची आजी. ही माणसं दिवसभर दुसऱ्यांची तोंडं वाचूनच व्यवहार करतात. प्रत्येकाला वेगळं विचारा, एकत्र बसवलं की मोठ्या आवाजाच्या माणसाचं उत्तर सगळ्यांचं होतं. ज्या प्रश्नावर पाऊणच्या वर लोकांचं एकमत होत नाही तो प्रश्न बाजूला काढा किंवा पुन्हा लिहा. एक धोका लक्षात ठेवा, बहुमत म्हणजेच सत्य असं धरलं की जे मूल बहुमतापेक्षा बारीक बघतं त्याचे गुण जातात. एमएससीईआयटी या भावनिक बुद्धिमत्तेच्या टेस्टवर पण बहुमताने गुण देण्यावरून हीच टीका झालेली आहे. म्हणून पॅनेलकडून नुसतं उत्तर नको, कारण पण लिहून घ्या.

प्रश्नाचा एकेक शब्द तोलून बघा. सॅली-अ‍ॅनसारख्या खोट्या समजुतीच्या खेळात "ती कुठे शोधेल?" ऐवजी "ती सगळ्यात आधी कुठे शोधेल?" असं विचारलं तर जास्त लहान मुलं बरोबर सांगतात, सीगल आणि बीटी यांनी १९९१ मध्ये हे दाखवलं. एका "आधी"मुळे निकाल बदलतो, तर भाषांतरात काय काय बदलत असेल विचार करा.

पायरी ५: मुलांना मोठ्याने विचार करायला लावा

लोक ही पायरी हमखास गाळतात आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. आठ-दहा मुलं घ्या, वेगवेगळ्या वाड्यांमधली, वेगवेगळ्या घरच्या भाषेची, प्रत्येकाबरोबर एकेकटं बसा, एक प्रश्न सोडवायला द्या आणि म्हणा, "तुला हे उत्तर का वाटलं ते मला सांग, तुझ्या घरच्या भाषेत सांगितलंस तरी चालेल." परवानगी असेल तर रेकॉर्ड करा.

समजा डोळ्यांच्या फोटोला उत्तरपत्रिकेत "खिन्न" आहे. मूल "चिडलेला" वर टिक करतं. विचारलं तर म्हणतं, "खिन्न म्हंजे काय ता म्हायत नाय, पण तेका बरा वाटत नाय हा." म्हणजे भावना अचूक ओळखली, शब्द माहीत नव्हता. उलट पण होतं, मूल बरोबर टिक करतं आणि कारण विचारलं तर म्हणतं, "बाकीचे तीन शब्द विचित्र होते म्हणून." उत्तर बरोबर, पण ओळखलं काहीच नाही. स्कोअरच्या आकड्यात या दोघांची अदलाबदल झालेली असते आणि कुठल्याही सॉफ्टवेअरला ती दिसत नाही.

प्रत्येक प्रश्नासमोर चार खाने करा: बरोबर उत्तर बरोबर कारण, बरोबर उत्तर चुकीचं कारण, चुकीचं उत्तर पण पटेल असं कारण, दोन्ही चूक. मधल्या दोन खान्यात जास्त मुलं पडली तर तो प्रश्न दुरुस्त करा. आणि भावनांसाठी "वैतागलो", "लाजलो", "घाबरलो", "दुखावलो" असले बोलण्यातले शब्द मुलांच्याच तोंडून गोळा करा.

पायरी ६: टेस्ट घ्यायची जागा आणि वेळ

थोडक्यात पण नीट वाचा. आवाजावरून भावना ओळखायची टेस्ट पावसाळ्यात पत्र्याच्या वर्गात घेऊ नका, कोकणातला जुलैचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की स्पीकर असला तरी आवाजाचा चढउतार ऐकू येत नाही, आणि मग तुम्ही पत्रा मोजता. ऑनलाइन फॉर्मवर विसंबू नका, वारा सुटला की लाइट आणि नेटवर्क दोन्ही जातं, छापील संच बरोबर ठेवा. फोटो चांगल्या कागदावर छापा, झेरॉक्सच्या झेरॉक्सवर डोळ्यांच्या जागी काळे डाग दिसतात. गणपती आणि शिमग्याच्या आजूबाजूचे आठवडे सोडा, मुलं जागरणाने झोपेत असतात आणि पालखी आलेली असते. चष्मा लागलाय का, ऐकू नीट येतं का हे आधी विचारा. पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलाला पण विचारा, नको म्हणालं तर नको.

पायरी ७: आकडे, पण समजून

आधी विश्वसनीयता, म्हणजे मोजमाप किती स्थिर आहे, पुन्हा मोजलं तर साधारण तेच येतं का. अल्फा (टेस्टमधले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) ०.७० च्या वर हवा हा ढोबळ संकेत आहे, संशोधनापुरता. एका मुलाबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर ०.९० च्या जवळपास लागतो. डोळ्यांच्या टेस्टचा अल्फा बऱ्याच अभ्यासांत कमी आलाय. नुसता अल्फा नको, दोन ते चार आठवड्यांनी त्याच मुलांना पुन्हा टेस्ट देऊन बघा, आणि गोष्टीवरच्या उत्तरांना गुण देताना दोन जणांनी वेगवेगळे गुण देऊन किती जुळतं ते तपासा.

हे का महत्त्वाचं ते एका उदाहरणाने बघा. समजा टेस्टचं प्रमाण विचलन (गुण सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत ते) ४ आणि विश्वसनीयता ०.६४ आहे. मोजमापाची चूक येते ४ गुणिले ०.३६ चं वर्गमूळ, म्हणजे २.४. म्हणजे २० गुण मिळालेल्या मुलाचा खरा स्कोअर साधारण १५ ते २५ मध्ये कुठेही असू शकतो. आता "कट-ऑफ २२, तुमच्या मुलाला २०" असं कोणी सांगितलं तर त्या दोन गुणांना काय किंमत द्यायची ते तुम्हीच बघा. पालकांनी रिपोर्ट घेताना हा एक प्रश्न बिनधास्त विचारावा: या स्कोअरच्या आजूबाजूची रेंज किती?

मग दुसऱ्या मोजमापांशी नातं. जिच्याशी जुळायला हवं तिच्याशी जुळतं का (उदा. वर्गशिक्षकांनी खेळताना-गटकाम करताना केलेलं निरीक्षण), आणि जिच्याशी जास्त जुळायला नको तिच्याशी कमी जुळतं का. दुसरा भाग सगळे विसरतात. म्हणून शब्दसंग्रहाची एक छोटी टेस्ट आणि रेव्हनसारखी बिनशब्दांची बुद्धिमत्ता चाचणी सोबत घ्याच. तुमच्या टेस्टचा शिक्षकांच्या निरीक्षणाशी सहसंबंध (० म्हणजे नातं नाही, १ म्हणजे पूर्ण नातं) ०.२५ आणि शब्दसंग्रहाशी ०.५५ आला तर उत्तर समोर आहे, तुम्ही मराठीचा पेपर घेतलाय. कॅम्पबेल आणि फिस्क यांनी १९५९ मध्ये सांगितलेली अजून एक गोष्ट, पद्धत एकच असली की सहसंबंध फुगतो. दोन्ही प्रश्नावल्या मुलानेच भरल्या आणि ०.६० आला तर खूश होऊ नका, एक मोजमाप वेगळ्या पद्धतीचं हवंच.

सहसंबंध कमी आला की लगेच टेस्ट टाकून पण देऊ नका. दोन्ही मोजमापांची विश्वसनीयता ०.६ आणि ०.७ असेल तर आतलं नातं अगदी पूर्ण असलं तरी आकडा ०.६५ च्या आसपासच अडकतो. आणि नमुना, म्हणजे किती मुलं घेतली, ते बघा. ३० मुलांवर ०.३० आला तर खरा आकडा उणे ०.०७ पासून ०.६० पर्यंत कुठेही असू शकतो. ०.३० एवढं नातं पकडायचं तर साधारण ८५ मुलं तरी लागतात. आपल्याकडच्या जिल्हा परिषद शाळांचा पट छोटा, एका शाळेत एवढी मुलं मिळत नाहीत, तेव्हा पाच-सहा शाळा एकत्र घ्या, पण किनाऱ्याच्या, खाडीकाठच्या आणि सड्यावरच्या अशा मिसळून घ्या आणि कुठलं मूल कुठल्या शाळेचं ते नोंदवा. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी टेस्ट घेऊन त्यांची सरासरी कमी आली असं लिहू नका, त्या मुलांसाठी वेगळी आवृत्ती तयार करा नाहीतर त्यांना तुलनेत घेऊ नका.

एकेक प्रश्न तपासायचा. एकूण स्कोअर सारखा असलेल्या दोन गटांत, म्हणजे घरी प्रमाण मराठी आणि घरी बोली, एखादा प्रश्न एकाच गटाला खूप अवघड जात असेल तर दोष त्या प्रश्नात शोधा. जवळपास नेहमी एखादा शब्द किंवा न पाहिलेला प्रसंग सापडतो.

पायरी ८: "गटात फरक दिसला" याचा अर्थ

बऱ्याच पेपरात व्हॅलिडिटीचा पुरावा म्हणून एवढंच असतं की ऑटिझम असलेला गट आणि नसलेला गट यांच्या सरासरीत फरक आला. तो पुरावा आहे पण तोकडा, कारण हे दोन गट भाषा, लक्ष, टेस्टची सवय अशा कितीतरी गोष्टीत वेगळे असतात. शिवाय डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलेला मुद्दा मला फार पटतो, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. ऑटिझम असलेल्या मुलाला आपण कळत नाही तसंच तो आपल्याला कळत नाही, मग टेस्ट फक्त त्याचीच का.

आणि स्क्रीनिंगचं गणित पालकांनी पण समजून घ्यावं. समजा तालुक्यातल्या १००० मुलांमध्ये खरी अडचण १० जणांना आहे, आणि टेस्ट दोन्ही बाजूंनी ९० टक्के बरोबर आहे, म्हणजे खूपच चांगली. ती १० पैकी ९ पकडेल. पण उरलेल्या ९९० पैकी ९९ मुलांना पण उगाच "पॉझिटिव्ह" म्हणेल. एकूण १०८ घरांत काळजी, त्यात खरी ९. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या बारा मुलांमध्ये साधारण एकालाच खरी अडचण. त्यामुळे पॉझिटिव्ह आलं तर पुढची तपासणी करा, पण घाबरून मुलाची शाळा बदलू नका, नातेवाइकांना सांगत सुटू नका.

पायरी ९: रिपोर्ट लिहिताना

कुठली टेस्ट, कुठली आवृत्ती, कोणाच्या परवानगीने, भाषांतर कोणी कसं केलं, पॅनेलमध्ये कोण होतं (नावं नकोत, काम लिहा), मुलाची घरची भाषा, टेस्ट कुठे आणि कुठल्या परिस्थितीत घेतली, स्कोअर आणि त्याची रेंज, आणि कुठल्या प्रश्नांची उत्तरं मुलाने वेगळ्या पण पटणाऱ्या कारणाने दिली. हे सगळं दोन पानात बसतं. "सामाजिक आकलन कमकुवत" असं लिहायचा मोह होईल, त्याऐवजी "डोळ्यांच्या फोटोंवरून भावना ओळखण्याच्या टेस्टमध्ये गुण अपेक्षेपेक्षा कमी, शब्दसंग्रह पण कमी, त्यामुळे कारण निश्चित सांगता येत नाही" असं लिहा. लांब होतं, पण त्यातलं प्रत्येक अक्षर तुम्ही पुराव्यानिशी सांगू शकता. आईवडिलांना रिपोर्ट नुसता हातात देऊ नका, समोर बसून त्यांच्या बोलीत वाचून दाखवा, आणि मूल घरी, मामाकडे, किनाऱ्यावर खेळताना कसं वागतं ते त्यांच्याकडून ऐकून त्याच कागदावर खाली लिहा. ते निरीक्षण टेस्टच्या विरुद्ध जात असेल तर दोन्ही तसंच ठेवा, एक खोडून दुसरं लिहू नका.

प्रोजेक्टवाल्यांनी शेवटचं एक काम करा. नावं आणि शाळा काढून प्रश्नवार डेटा, पॅनेलची कारणं आणि मोठ्याने विचार करतानाची उत्तरं कॉलेजच्या लायब्ररीत किंवा आपल्या गाइडकडे जमा करा. मराठीत आणि बोलीत असा साठा फारच कमी आहे, दरवर्षी नवीन बॅच पहिल्यापासून भाषांतर करत बसते. पुढच्या बॅचने तुमचेच प्रश्न घेऊन आणखी शंभर मुलांवर तपासले, एखाद्याने ते मालवणीत आणले, एखादीने उर्दू माध्यमात, तर चार-पाच वर्षांत इथल्या मुलांचे स्वतःचे नॉर्म्स (तुलनेसाठीचे नेहमीचे गुण) तयार व्हायला सुरुवात होईल.